गहाण, तारण, नजरगहाण : इंग्रजीतले वेगळे शब्द मराठीत एकच होऊन बसतात तेव्हा

स्टँपपेपर
नमस्कार मंडळी. मी इंग्रजी कागदपत्रांचं मराठी करून देते. बँकेचे करारनामे, नोटिसा, तालुका कोर्टात लावायचे कागद, असंच सगळं. गेल्या महिन्यात हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ट्रॅक्टरच्या कर्जाचा करारनामा होता. एकाच पानावर तीन शब्द होते: जमिनीसाठी मॉर्गेज, पोस्टाच्या बचत प्रमाणपत्रांसाठी प्लेज आणि ट्रॅक्टरसाठी हायपोथिकेशन. माझ्याजवळच्या इंग्रजी-मराठी कोशात तिन्हींपुढे फिरून फिरून गहाण आणि तारण हेच दोन शब्द. मी तिन्ही ठिकाणी ‘गहाण’ लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी ते शेतकरी दादा स्वतः कागद घेऊन आले. म्हणाले, “ताई, ट्रॅक्टर गहाण म्हणजे तो बँकेच्या आवारात नेऊन लावायचा का? मग पेरणी कशानं करू?”

त्यांच्या घरात ‘गहाण’ म्हणजे आईच्या पाटल्या सावकाराच्या पेटीत. वस्तू तिकडे, पैसे इकडे. त्यांना जो शब्द ठाऊक होता त्या शब्दाप्रमाणे त्यांनी अगदी बरोबर वाचलं होतं. चुकलं होतं ते माझं.

त्या रात्री आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात एक जुनं खत आहे, ते लहानपणापासून पाहत आले होते, पण कधी नीट वाचलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर लिहिलंय ‘नजरगहाणखत’. आत स्पष्ट म्हटलंय की जमिनीचा कबजा लिहून देणाराकडेच राहील, वहिवाट तोच करील. त्याच पेटीत दुसरं एक ‘कबजेगहाणखत’ही निघालं. म्हणजे वस्तू नजरेपुढे राहणार की हातात जाणार, हा फरक आपल्या खेड्यापाड्यातल्या लिहिणाऱ्यांना पक्का ठाऊक होता आणि त्यासाठी त्यांच्याकडे वेगवेगळे शब्द होते.

मला असं वाटायला लागलंय की दोन इंग्रजी शब्दांतला फरक कळण्यासाठी कोशात तिसरा प्रतिशब्द शोधणं हा रस्ताच नव्हे. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून पाहायचा आणि विचारायचं: यानं कोणाचं काय बदललं? ट्रॅक्टर दारात राहिला की गेला?

तुमच्या कामात अशा जोड्या येत असतील तर लिहा. परीक्षेच्या गाइडमधल्या नकोत. जिथे शब्द बदलला की माणसाचं काहीतरी बदलतं अशा हव्यात.

कॅश काउंटर
फार महत्त्वाचा धागा. माझी चौतीस वर्षं बँकेत गेली, त्यातली निम्मी कर्ज विभागात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही नव्या मुलांना दोन प्रश्न शिकवायचो. वस्तू हलवता येते का? आणि कर्ज फिटेपर्यंत ती कोणाकडे राहणार?

जमीन, घर, म्हणजे जे हलत नाही, त्याचं मॉर्गेज. त्याचा कायदा १८८२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा. त्यात मॉर्गेजचेच सहा प्रकार सांगितलेत. तुमचं कबजेगहाण त्यातलंच एक आहे. आपल्याकडे ज्याला मुदतखरेदी म्हणतात तेही त्यातच येतं. शहरात गृहकर्जाला सहसा जो प्रकार वापरतात त्यात मूळ कागदपत्रं बँकेकडे ठेवायची असतात. घरात तुम्ही, कागद आमच्या कपाटात.

हलणारी वस्तू आणि ती बँकेच्या ताब्यात गेली, तर प्लेज. हे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १७२. सोन्यावरचं कर्ज पाहा. सराफ दागिना कसाला लावतो, वजन करतो, तुमच्यासमोर पाकीट सीलबंद होतं, त्यावर तुमची सही होते आणि ते तिजोरीत जातं. त्या क्षणी दागिन्याची मालकी तुमचीच, पण ताबा आमचा.

हलणारी वस्तू आणि ती तुमच्याकडेच राहिली, तर हायपोथिकेशन. गाडी, ट्रॅक्टर, दुकानातला माल, कारखान्यातलं यंत्र. गाडीच्या आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं, कर्ज फिटलं की बँकेचं ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन ते उतरवायचं. लोक ‘एचपी कॅन्सल करायचीय’ म्हणतात ते हेच.

आता तुमच्या कसोटीवर लावून बघा. कर्ज थकलं तर तारणातलं सोनं आधीच बँकेजवळ असतं, रीतसर नोटीस देऊन ते विकता येतं. ट्रॅक्टरचं तसं नाही. आधी त्याचा ताबा मिळवावा लागतो, मग पुढचं. म्हणून तुमच्या त्या शेतकऱ्याचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता.

आणखी एक सांगतो. मराठी बँकवाल्यांनी यातले दोन शब्द नकळत वेगळे केलेलेच आहेत. आपण ‘सोनेतारण कर्ज’ म्हणतो, ‘सोनेगहाण’ कोणी पाटीवर लिहीत नाही. आणि ‘घर तारण ठेवलं’पेक्षा ‘घर गहाण टाकलं’ हेच तोंडात येतं.

बांधावरून
तारण शब्दाला दुजोरा. पणन मंडळाची ‘शेतमाल तारण योजना’ आहे ना, त्यात सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवायची आणि त्यावर कर्ज उचलायचं. माल गोदामात, ताबा त्यांचा. कॅश काउंटर म्हणतात त्या प्लेजमध्ये हे चपखल बसतं.

पण मग ‘विनातारण कर्ज’ म्हणजे काय? तिथे तारण म्हणजे फक्त ताब्यात दिलेला माल नव्हे. आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात जो ‘बोजा’ चढतो तो कशात धरायचा? सोसायटीचं पीककर्ज घेताना आम्ही इकरार, म्हणजे जमिनीवर बोजा चढवायला कबुली देणारा कागद, लिहून देतो, गहाणखत करत नाही, तरी बोजा चढतोच.

कॅश काउंटर
दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

बोजा म्हणजे चार्ज. यात जमीन कोणाच्या नावे होत नाही, ताबाही जात नाही, पण त्या जमिनीतून आपलं येणं वसूल करण्याचा हक्क सोसायटीला मिळतो. सहकारी संस्थांचा १९६० चा आपल्या राज्याचा कायदा आहे, त्याच्या कलम ४८ खाली तुमचा इकरार येतो. मॉर्गेजपेक्षा चार्ज सौम्य. ‘बोजा’ हा शब्द तर मला इंग्रजी शब्दापेक्षाही बोलका वाटतो.

विनातारणाचं जरा गुंतागुंतीचं आहे. इंग्रजीत सिक्युरिटी आणि कोलॅटरल असे दोन शब्द आहेत. कर्जाच्या पैशातून जे उभं राहिलं, म्हणजे ट्रॅक्टर किंवा शेतातलं पीक, ती मुख्य सिक्युरिटी. त्यावर आणखी जे मागितलं, म्हणजे जमीन, दागिने, बचत प्रमाणपत्रं, ते कोलॅटरल. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाची विनातारण मर्यादा २ लाख रुपये केली, ती कोलॅटरलबद्दल आहे. तेवढ्या कर्जात जमीन गहाण मागायची नाही, पण पीक बँकेकडे हायपोथिकेटच राहतं. ‘विनातारण’ ऐकून ‘आता बँकेचा कशावरच हक्क नाही’ असं समजणारी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. मराठीत इथे ‘जादा तारण नाही’ असं म्हणायला हवं होतं.

थेट_बोला
सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. हा सगळा खटाटोप कशासाठी? ‘हायपोथिकेशन’ देवनागरीत लिहावं आणि पुढे जावं. आपण स्टेशन, तिकीट, डॉक्टर यांचं भाषांतर करत बसतो का? उलट ‘नजरगहाण’ म्हटलं तर आजच्या पंचवीस वर्षांच्या मुलाला दोन्ही सारखेच परके.

स्टँपपेपर
तिकीट आणि डॉक्टर आपण रोज हातात धरतो, डोळ्यांनी पाहतो, म्हणून ते शब्द आपले झाले. हायपोथिकेशन माणूस आयुष्यात एकदा किंवा दोनदा पाहतो, तेही सही करायच्या घाईत. त्या वेळी शब्दातून काहीतरी आत डोकावता आलं पाहिजे. ‘नजरगहाण’ पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही निदान इतकं कळतं की हे गहाणच आहे, पण जरा वेगळं आहे, आणि तो विचारतो. ‘हायपोथिकेशन’ ऐकून कोणी विचारत नाही, सही करतो.

पंचवीस वर्षांच्या मुलाबद्दल तुमचं म्हणणं मात्र मान्य. म्हणून नुसता शब्द बदलून भागणार नाही, त्याच्या शेजारी एक वाक्य हवंच.

जुनी_बातमीदार
मी जिल्ह्याच्या पेपरात गुन्ह्याच्या बातम्या लिहायचे. आमच्याकडे ‘दरोडा’ हा शब्द फार ढिला वापरला जातो. रात्री दोघांनी शटर उचकटून दुकानातली रोकड नेली की सकाळी मथळा: दुकानावर दरोडा. तो दरोडा नव्हे, ती घरफोडी.

कायद्यातली उतरंड अशी आहे. नकळत, संमतीवाचून वस्तू नेली तर चोरी, म्हणजे थेफ्ट. ती नेताना मारलं, अडवून ठेवलं किंवा तिथल्या तिथे जिवाची भीती घातली तर जबरी चोरी, म्हणजे रॉबरी. धाक घालून समोरच्यालाच द्यायला लावलं तर एक्स्टॉर्शन, बोलीत खंडणी. आणि जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली तर दरोडा. इंग्रजी कायद्यात त्याला डकॉइटी म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी इथूनच उचलला, आपल्या डाकू-डकैतांवरून. १८६० च्या दंडसंहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पाचाचा आकडा तोच आहे, कलम ३१०.

चार जण असतील तर जबरी चोरी आणि पाचवा सापडला की दरोडा. शिक्षेच्या वर्षांत मोठा फरक पडतो. मथळ्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला की एखाद्या पोराच्या घरच्यांना गावात तोंड दाखवता येत नाही. हे मी पाहिलंय, म्हणून यावर इतकं बोलते.

दुसरी जोडी किडनॅपिंग आणि अ‍ॅबडक्शन. पेपरात दोन्हीला अपहरण. कायद्याच्या मराठीत पहिल्याला अपनयन, दुसऱ्याला अपहरण. अपनयनात मुख्य गोष्ट पालकाची. अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला पालकांच्या संमतीशिवाय त्यांच्या रखवालीतून नेलं की गुन्हा झाला, मूल हसत हसत गेलं तरीही. इंग्रजी शब्दातही किड म्हणजे मूलच बसलेलं आहे. अपहरणात वयाचा प्रश्न नाही. जबरदस्तीनं किंवा फसवून कोणालाही एका जागेहून हलवलं तर अपहरण. पण नुसतं अपहरण हा शिक्षेचा गुन्हा होत नाही, ते कशासाठी केलं ते पाहावं लागतं: खून करायला, डांबून ठेवायला, खंडणीला.

थेट_बोला
हे वाचून मला उलट माझाच मुद्दा पटतो. ‘अपनयन’ कोणाला कळणार? मराठी शब्द असूनही तो बंद दारच आहे.

जुनी_बातमीदार
अपनयनाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. तो शब्द मी एकदाही बातमीत वापरला नाही. पण पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदार फिर्याद लिहिताना काय लिहितो माहीत आहे? ‘फूस लावून पळवून नेले.’ अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलीच्या प्रत्येक फिर्यादीत हे शब्द असतात. आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत ‘जबरदस्तीने गाडीत घालून नेले’. फूस लावणं आणि गाडीत घालणं, या दोन शब्दप्रयोगांत दोन्ही गुन्ह्यांचा बराचसा फरक आला की नाही? शब्द ठाण्यात तयारच होता, कायद्याचं मराठी करणाऱ्यांनी तिथे जाऊन ऐकला नाही इतकंच.

बांधावरून
हवामानावर लिहायचं होतं, राहून गेलं. वेदर आणि क्लायमेट. आज-उद्याचं ऊन-पाऊस म्हणजे वेदर, आणि एखाद्या भागातली बऱ्याच वर्षांची, साधारण ३० वर्षांची सरासरी म्हणजे क्लायमेट. आपण दोन्हीला हवामानच म्हणतो. ‘हवामान खात्याचा अंदाज’ हे वेदर आणि ‘हवामान बदल’ हे क्लायमेट. त्यामुळे बैठकीत कोणी हवामान बदलावर बोललं की पारावरचा माणूस म्हणतो, बदलणारच, काल ऊन होतं आज ढग आहेत. तो चुकत नाही, शब्द त्याला तिकडे नेतो. मंत्रालयातल्या खात्याचं नाव २०२० मध्ये ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ झालं, म्हणजे तिसराच शब्द. आमच्या आजीकडे मात्र दोन शब्द वेगळे होते. ‘आज हवा बरी नाही’ आणि ‘कोकणातली आबोहवा मला मानवत नाही’. आबोहवा पुन्हा वापरात आणावा असं मनापासून वाटतं.

पावसाचा प्रश्न तर थेट पोटाचा आहे. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून हेवी, ११५.६ पासून व्हेरी हेवी, २०४.५ च्या पुढे एक्स्ट्रीमली हेवी. महसूल खात्याच्या भाषेत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि पंचनामे त्यावरून सुरू होतात. बातम्यांत मात्र जोरदार, मुसळधार, धुवाधार, अतिवृष्टी हे चारही शब्द मन मानेल तसे फिरतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होतं. आमच्या मंडळाचा पर्जन्यमापक बारा किलोमीटरवर, तिथे त्या दिवशी ६१ भरला. टीव्हीवर आमच्या तालुक्यात ‘अतिवृष्टी’, कागदावर नाही. शेजारी पंधरा दिवस हेलपाटे मारत होता, की टीव्हीनं तर सांगितलं.

तसंच ‘रेड अलर्ट’. हवामान खात्याच्या तक्त्यात पिवळ्यापुढे वॉच असतं, म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगीपुढे अलर्ट, म्हणजे तयारीत रहा. लालपुढे वॉर्निंग, म्हणजे आता हालचाल करा. आपल्याकडे तिन्ही रंगांना अलर्ट आणि तिन्हींना इशारा. जनावरं आत बांधायची की नुसतं आभाळाकडे बघायचं, हे रंगावरून ओळखावं लागतं, शब्दावरून नाही.

रातपाळीची_सिस्टर
आमच्याकडची छोटीशी जोडी: सिम्प्टम आणि साइन. मराठीत दोन्ही लक्षण. पण सिम्प्टम म्हणजे पेशंट सांगतो ते, साइन म्हणजे तपासणाऱ्याला आढळतं ते. ‘अंगात कणकण आहे’ हा सिम्प्टम, थर्मामीटरवर १०१ ही साइन. न बोलणाऱ्या तान्ह्या बाळाला फक्त साइन्स असतात, म्हणून त्याच्यापाशी जास्त वेळ उभं राहावं लागतं. मी शिकाऊ मुलींना ‘तक्रार’ आणि ‘खूण’ असं सांगते, पटकन समजतं.

आणि दुसरी सगळ्यांनी भोगलेली. आयसोलेशन आजारी माणसाचं, क्वारंटाइन संपर्कात आलेल्या पण अजून आजारी नसलेल्या माणसाचं. क्वारंटाइन हा शब्द व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीसच्या आकड्यावरून आला, बंदरातल्या जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवत त्यावरून. २०२० मध्ये मराठीत ‘गृह विलगीकरण’ दोन्हींसाठी फिरलं. मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, ते क्वारंटाइनचे होते. ती माणसं आजारी नव्हती. पण शेजाऱ्यांच्या लेखी शिक्का म्हणजे रोगी. एका घराला दूधही कोणी दिलं नाही, आमच्याच गल्लीतली गोष्ट. ‘थांबवून ठेवलेला’ आणि ‘वेगळा ठेवलेला’ इतका साधा फरक जरी शब्दांत असता तरी काही घरांचे हाल कमी झाले असते, असं मला आजही वाटतं.

शून्य_शून्य_एक
टूलरूममध्ये आहे, भोसरीत. आमची जोडी प्रिसिजन आणि अ‍ॅक्युरसी. दोन्हीला मराठीत अचूकता.

परवाच नव्या पोराला दाखवलं. २० मिलिमीटरचा स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा ठोकळा, घेतला आणि मायक्रोमीटरनं तीनदा मोजायला लावला. २०.०३, २०.०३, २०.०३. पोरगं खूश, तिन्ही सारखे आले. मग जुना व्हर्नियर दिला. १९.९८, २०.०४, २०.००. त्याला वाटलं हा भंगार. मी विचारलं, गेज किती आहे? वीस. मग खरं कोण बोलतंय? मायक्रोमीटर दरवेळी तेच सांगतो, पण दरवेळी तीन शतांश खोटं सांगतो. तो प्रिसाइज आहे, अ‍ॅक्युरेट नाही. व्हर्नियर डगमगतो, पण सरासरी काढली तर खऱ्याच्या अगदी जवळ आहे. मायक्रोमीटरचा झिरो एरर, म्हणजे शून्यावरच असलेली चूक, काढला की तो दोन्ही होतो. डगमगणाऱ्या व्हर्नियरला असा सोपा इलाज नाही.

आमच्या फ्लोअरवर याला ‘रिपीट होतंय पण साइज चुकतेय’ म्हणतात. एका शब्दात काय म्हणावं हे मला सुचलेलं नाही. पण हे वाक्य म्हटलं की नवा माणूस काय दुरुस्त करायचं ते बरोबर ओळखतो.

स्टँपपेपर
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘फूस लावून’, ‘तक्रार आणि खूण’, ‘रिपीट होतंय पण साइज चुकतेय’, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. यातला एकही शब्द कोशात मिळाला नसता.

ते पान मी पुन्हा लिहिलंय. इथे देते. कॅश काउंटर, तुम्ही जरूर नजर टाका, उद्या दादा न्यायला येणार आहेत.

“ट्रॅक्टर बँकेकडे नजरगहाण राहील. म्हणजे ट्रॅक्टरचा ताबा आणि वापर कर्जदाराकडेच राहील. परंतु कर्ज पूर्ण फिटेपर्यंत कर्जदाराला तो बँकेच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही किंवा अन्य कोठेही गहाण अथवा तारण ठेवता येणार नाही. बचत प्रमाणपत्रे बँकेकडे तारण राहतील. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ती बँकेच्या ताब्यात राहतील. जमीन बँकेकडे गहाण राहील. जमिनीचा कबजा व वहिवाट कर्जदाराकडेच राहील.”

कॅश काउंटर
वाचलं. उत्तम झालंय. एकच करा, ‘परवानगीशिवाय’च्या आधी ‘लेखी’ घाला. तोंडी हो म्हटल्यावर ट्रॅक्टर विकला आणि साहेबाची बदली झाली, अशी प्रकरणं आमच्याकडे यायची.

स्टँपपेपर
घातला.